न आलेला शनिवार

मित्रांनो, मी काजं पाडणारी मशीन आहे. जुनी आहे, हे मी आपणहून सांगते. दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला खपत नाही. शर्टाचं बटण ज्या भोकातून आत जातं त्याला काज म्हणतात. आधी माझी सुई भोवतीने दाट टाके घालते, मग वरून पातं खाली येतं आणि मधोमध चीर पाडतं. एवढंच माझं काम. बाकीच्या मशिनी कापडाला कापड जोडतात आणि मी एकटी भोकं पाडते, म्हणून तुम्ही हसाल. हसा. पण मग उद्या शर्टाची बटणं न लावता चारचौघांत जाऊन दाखवा.

मला लिहितावाचता येत नाही. माझ्या डोक्यावर चार आकडे कोरलेले आहेत, तेवढे वाचता येतात, तेही लोकांनी शंभर वेळा मोठ्याने वाचले म्हणून. तेव्हा ही हकिगत शाळेतल्या निबंधासारखी नीटनेटकी होणार नाही. शिवाय तिच्यात कौतुक कमी आणि लाज जास्त आहे. जन्मभर मी नाकावर माशी बसू दिली नाही, आणि आता आपल्याच तोंडाने आपली लाज सांगायला बसले आहे. पण सांगते. पोटात ठेवून काय होतं, ते मला चांगलं कळून चुकलं आहे.

मी आणि माझी बहीण एकाच साच्यातून निघालो आणि एकाच लाकडी खोक्यातून कारखान्यात आलो. अंगाला ग्रीस, ग्रीसवर तेलकट कागद. खोकं उघडलं तेव्हा पहिला चेहरा दिसला तो तेलमामांचा. हे तिथले मेकॅनिक. खिशात पाना, कानामागे पेन्सिल आणि हातात कायम तेलाची कुपी, म्हणून सगळे त्यांना तेलमामा म्हणायचे. त्यांनी माझ्या अंगावरचा कागद सोलला, चाक हाताने एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "पोरगी तेज आहे." झालं. ते एक वाक्य माझ्या डोक्यात जे गेलं ते पुन्हा उतरलंच नाही.

कारखाना म्हणजे पत्र्याची लांब शेड. दोन ओळींत चाळीस मशिनी. एका टोकाला कापलेले तुकडे यायचे आणि दुसऱ्या टोकाला घडी घातलेले शर्ट पिशवीत जायचे. हे शर्ट घालणारी माणसं समुद्रापलीकडे राहायची. त्यांना आम्ही कधी पाहिलं नाही, पण त्यांच्या छातीची मापं आम्हाला तोंडपाठ होती.

माझ्यावर बसायची ती थोरली आणि बहिणीवर बसायची ती धाकटी. सख्ख्या जावा. एकाच घरातून एकाच डब्याच्या पिशवीने यायच्या. थोरलीचा हात असा की कापड माझ्याखाली सरकवताना ते आपणहून सरळ व्हायचं. धाकटीचा हात तितका बसलेला नव्हता, पण तोंड मात्र माझ्या सुईपेक्षा वेगात चालायचं.

"जाऊबाई, तुमचे दीर काल म्हणाले, तुझ्यापेक्षा वहिनीचा हात सफाईचा."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, मग उद्यापासून बनियनला काजं वहिनींकडूनच करून घ्या."

दोघी हसायच्या, आणि पलीकडची बटणवाली म्हणायची, "तुम्ही दोघी जावा आहात की शाळा चुकवून आलेल्या मैत्रिणी?" एकदा दोघींनी मिळून केसांच्या पिनांचं एक पाकीट घेतलं. सहा पिना, प्रत्येकीच्या टोकाला निळा मणी. तीन हिला, तीन तिला. ही पिन लक्षात ठेवा, मित्रांनो. माझी सगळी लाज त्या पिनेच्या टोकावर उभी आहे.

आमच्याकडे शनिवारचा शेवटचा अर्धा तास मशिनींचा असे. घंटा व्हायची, बटणं बंद व्हायची. बायका ब्रश घेऊन उभ्या राहायच्या आणि तेलमामा एकेकीचं डोकं मागे टाकून पोट उघडायचे. आमच्या पोटाखाली पत्र्याचं एक ताट असतं. आठवडाभराचं बारीक सूत, कापडाची धूळ आणि गळलेलं तेल त्यात जमून त्याचा लगदा होतो. तो खरवडून काढायचा, पुसायचं, पात्याला धार लावायची, नवं तेल घालायचं. कधी तुटलेली सुई निघायची, कधी बटण. एकदा बटणवालीच्या कानातलंही निघालं होतं. पोट उघडायचा अधिकार मामांचा. बायकांनी एरवी हात लावायचा नाही, असा नियम. त्या अर्ध्या तासात एकही शर्ट निघायचा नाही, आणि त्यामुळेच पुढच्या सहा दिवसांचे शर्ट नीट निघायचे. पण हे कागदावर दिसत नाही ना!

एक दिवस मालकांनी सगळ्यांना इस्त्रीच्या टेबलांपाशी बोलावलं. माणूस वाईट नव्हता. त्या दिवशी त्यांचा चेहरा ताप आल्यासारखा होता.

"आपलं गिऱ्हाईक जायला निघालंय," ते म्हणाले. "दुसऱ्या एका देशात हाच शर्ट आपल्यापेक्षा स्वस्त पडतो."

"तिथल्या बायांना पगार कमी असेल," मागून कुणीतरी म्हणालं.

"तीच तर गंमत आहे. पगार तुमच्या दीडपट आहे. पण तुम्ही दिवसाला जेवढे शर्ट काढता, त्याच्या दुप्पट त्या काढतात. म्हणजे एका शर्टामागची मजुरी तिथे कमी पडते. आता मी काय करू, सांगा."

थोरलीने तेवढं तोंड उघडलं. "मालक, तिथे गठ्ठ्याची वाट बघत बसावं लागतं का?"

बायका खुदकन हसल्या. कारण खरं दुखणं तेच होतं. तासातली वीस मिनिटं आम्ही मागून कापलेल्या तुकड्यांचा गठ्ठा यायची वाट बघत रिकाम्या बसायचो. दोरा असा स्वस्तातला की फुंकर मारली तरी तुटेल. दोन ट्यूबलाइट महिनाभर बंद होत्या. मशीन चालायला तयार, हात चालायला तयार, आणि माल वाटेत कुठेतरी झोपलेला. मालकांनी ऐकलं, पण त्यांच्या कानापर्यंतच गेलं. ते म्हणाले, "ते बघू. आधी प्रत्येकीच्या कामाची वेळ मोजून घेऊ."

वेळ मोजायला जे आले, त्यांचं नाव लगेच पडलं घड्याळसाहेब. गळ्यात थांबवता येणारं घड्याळ, हातात फळी, फळीवर कागद. त्यांच्या कागदावरून ठरायचं, कुणाकडून तासाला किती काम घ्यायचं आणि कुठल्या जागी किती माणसं ठेवायची. आमच्या ओळीतून तासाला पंचेचाळीस शर्ट निघायचे. आम्ही दोघी बहिणी मिळून तेवढ्यांची काजं करायचो. आता एकाच मशीनवर पंचेचाळीस होतात असं त्या कागदावर आलं, तर दोन जावांपैकी एकीला घरी बसावं लागणार. हे धाकटीलाही कळत होतं आणि थोरलीलाही. दोघींच्या पगारावर ते घर कसंबसं उभं होतं.

अशा मोजणीवर बायकांचा एक जुना उपाय होता. हात मुद्दाम जड केला तर घड्याळवाला लगेच ओळखतो आणि तसं लिहितो. पण दोरा तुटला तर तो कुणाला काय बोलणार? म्हणून मोजणीच्या दिवशी केसातली पिन काढायची, तिचा तुकडा मोडायचा आणि मोडलेलं खरखरीत टोक दोऱ्याच्या वाटेत येईल असं मशीनच्या कडीत अडकवायचं. दोरा घासत घासत तुटतो. मग पुन्हा ओवा, पुन्हा सुरू करा. यात चोरी कमी आणि सावधपणा जास्त. रोजच्या कामात ज्या वीस मिनिटांचा खोळंबा असतो, तो मोजणीच्या दिवशी घड्याळवाल्याला दिसत नाही. मग त्याला दिसेल असा खोळंबा आपणच करायचा. पिन कुणी लावली हे कुणी कुणाला विचारायचं नाही. सगळ्या लावायच्या.

मोजणीच्या मंगळवारी सुपरवायझरने कमाल केली. हा माणूस बसलेला कुणी पाहिला नव्हता; त्याला बायका पळापळ म्हणायच्या. त्याने साहेबांना वाट बघायला नको म्हणून गठ्ठे आदल्या दिवशीच आणून आमच्या शेजारी रचले. कपाटातला चांगला, महागातला दोरा काढला. दोन्ही ट्यूबलाइट एका सकाळीत लागल्या. म्हणजे मोजायचं होतं रोजचं काम, आणि मांडला होता लग्नाचा मांडव.

आधी बहिणीची पाळी झाली. धाकटीने पिन लावली होती. अर्ध्या तासात दोरा चारदा तुटला. हिशेब आला तासाला चोवीस शर्ट. धाकटीने घाम पुसला, पण मला दिसलं, पदराआड ती हसत होती.

मग ते माझ्याकडे आले. मालक, पळापळ आणि घड्याळसाहेब, तिघे तीन बाजूंनी उभे राहिले. साहेबांनी पेन्सिलीने माझ्या डोक्यावर टक्‌टक् केलं आणि म्हणाले, "ही पण तसलीच का? असल्या म्हाताऱ्या घेऊन तुम्ही तिकडच्यांशी टक्कर देणार?"

म्हाताऱ्या! मित्रांनो, माझ्या अंगाचं तेल पेटलं.

थोरलीने पिन लावली होती. मी स्वतः सांगते, लावली होती. सकाळी आल्या आल्या तिने केसातली निळ्या मण्याची पिन काढली, मोडली आणि माझ्या वरच्या कडीत बरोबर बसवली. पहिली तीन काजं झाली. दोरा घासू लागला. त्याचे तीन पदर असतात; दोन सुटले, एक राहिला. अजून एक काज आणि तो तुटला असता. थोरली तुटायची वाट बघत होती. धाकटी शेजारून वाट बघत होती.

आणि मी अंग झटकलं.

मला वाटलं, या टिकोजीरावाला दाखवते म्हातारी काय असते ते. मी अशी काही थरथरले की पिन कडीतून सुटली, चाकाजवळच्या फटीतून आत गेली आणि खाली ताटात पडली. टिक् असा आवाज झाला, तो माझ्याशिवाय कुणी ऐकला नाही. मग मी पळाले. चांगला दोरा, शेजारी गठ्ठ्यांची रास, थोरलीचा तो बसलेला हात. ती मनातून म्हणत असेल, आता तुटेल, या काजाला तुटेल. पण तिघांच्या डोळ्यांदेखत तिला हात जड करता येईना, आणि मी काही थांबेना. अर्ध्या तासात तेवीस शर्ट. तासाला शेहेचाळीस.

मालकांनी टाळी वाजवली. घड्याळसाहेब म्हणाले, "मशीन जुनी आहे, पण भारी आहे." मी फुगले. इतकी फुगले की शेजारी धाकटीचा चेहरा पांढराफटक पडलेला मला दिसलाच नाही. थोरली कडीत बोट घालून काहीतरी शोधत होती, तेही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पळापळने धाकटीला सांगितलं, या आठवड्यापुरतं ये, सोमवारपासून नको. त्या आठवड्याअखेर माझी बहीण बंद झाली आणि तिच्यावर जुनी चादर पडली.

नळापाशी दोघी जावा समोरासमोर आल्या. नळ माझ्यापासून दहा पावलांवर होता. एकेक शब्द मी ऐकला.

"अगं, पिन लावली होती मी," थोरली म्हणाली.

"मीही लावली होती. माझा दोरा चारदा तुटला."

"कुठे पडली कळत नाही. पोरांच्या डोक्यावर हात ठेवून सांगते."

"पोरांना मध्ये आणू नका, जाऊबाई. पिन दाखवा."

"शोधते आहे ना!"

"शोधा. सापडली की बोलू. तोवर मी समजून आहे, वहिनींचा हात सफाईचा आहे."

थोरलीने सुया गोळा करायचं लोहचुंबक मागून आणलं. काठीला लावलेलं ते चुंबक घेऊन ती जेवणाच्या सुटीत माझ्या टेबलाखाली गुडघ्यांवर फिरत होती. तुटक्या सुया निघाल्या, एक टाचणी निघाली, निळा मणी काही निघाला नाही. निघणार कुठून? तो माझ्या पोटात होता, आणि मी वर ताठ मानेने उभी होते. शेवटी ती तेलमामांकडे गेली. "मामा, शनिवारी हिचं पोट उघडाल ना, तेव्हा ताटात नीट बघा. माझी निळी पिन असेल. तुम्ही सगळ्यांसमोर काढा."

"शनिवारी आधी हीच उघडतो," मामा म्हणाले.

तो शनिवार आलाच नाही. म्हणजे वार आला, पण आमचा अर्धा तास आला नाही. शुक्रवारी भिंतीवर कागद लागला, आणि पळापळने तो वाचून दाखवला. शनिवारचा साफसफाईचा अर्धा तास बंद. त्या वेळेतही शर्ट काढायचे. मेकॅनिक रोज यायचं कारण नाही, मशीन बंद पडली तर निरोप धाडू. बंद पडेल तिचंच पोट उघडायचं.

मित्रांनो, आता नीट ऐका. मोजणीच्या दिवशी जे केलं ते रागाच्या भरात केलं, असं म्हणून एक वेळ सुटता येईल. पण यापुढचं? मला फक्त बंद पडायचं होतं. एकदा. दहा मिनिटं. मामांना निरोप गेला असता, ताट बाहेर आलं असतं, पिन निघाली असती, आणि दोघी जावा एकाच पिशवीत दोन डबे घालून पुन्हा बोलत्या झाल्या असत्या. तो आठवडा गेला, महिना गेला, मी बंद पडले नाही. बंद पडणं म्हणजे नाक कापून घेणं, असं मला वाटायचं. "म्हातारी अजून एकदा थांबली नाही," असं पळापळ म्हणायचा आणि मी ऐकून अजून जोरात पळायचे. दुसऱ्याच्या घरात दोन चुली झाल्या आणि मी माझं नाक सांभाळत बसले.

थोरलीची काय दशा झाली! मोजणी झाली आणि चांगला दोरा पुन्हा कपाटात गेला. गठ्ठे पुन्हा वाटेत झोपू लागले. पण शेहेचाळीस हा आकडा मात्र भिंतीवर राहिला. वाट बघण्यात वीस मिनिटं जायची आणि उरलेल्या चाळिसात तिला तासाचं काम ओढावं लागायचं. ती पाणी प्यायला उठायची नाही. तिचं मनगट सुजायचं, त्यावर ती ओलं फडकं बांधून बसायची. आणि बोलायला कुणी नाही. पळापळ प्रत्येकीला ऐकवायचा, "काजवालीला शेहेचाळीस जमतात, मग तुम्हाला काय धाड भरली?" म्हणून सगळ्यांचे आकडे वाढले आणि सगळ्यांनी राग थोरलीवर काढला. बटणवाली एकदाच बोलली. "शाबासकी मिळाली ना? मग खा ती डब्यात." थोरलीने पुढचं कापड माझ्याखाली सरकवलं. काय बोलणार? दोरा तुटला नव्हता, एवढं सगळ्यांनी पाहिलं होतं.

माझं पातं झिजलं तेव्हा चादरीखालच्या बहिणीचं काढून मला लावलं. मग तिचा सुईचा दांडा. मग तिची स्प्रिंग. पळापळच पाना घेऊन वरच्या वर करायचा. पोटाकडे कुणी बघायचं नाही. मी धावायचे ती बहिणीच्या हाडांवर. शेवटी चादरीखाली तिचं नुसतं डोकं उरलं.

आणि पोटात लगदा साचत गेला. सूत, धूळ, तेल, असं थरावर थर. तेल वर चढेना. बहिणीचं पातंही बोथट झालं, त्याला धार लावायला कुणी नव्हतं. बोथट पातं चीर पाडताना आजूबाजूचे टाकेही कापतं. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. शर्ट नवा असतो, काज सुबक असतं. पण घालणाऱ्याने दोनतीनदा बटण लावलं की काज उसवतं आणि शर्टाचं पोट उघडं पडतं. आमच्यापैकी कुणाचं तरी पोट उघडणारच होतं. माझं उघडलं नाही, मग शर्टांचं उघडलं.

दोन वर्षांनी पेट्याच्या पेट्या परत आल्या. पाठोपाठ गिऱ्हाईक कंपनीची एक बाई आली. शांत बाई. ती माझ्यापाशी थांबली, एक काज नखाने ओढून पाहिलं, टाके तिच्या नखाबरोबर बाहेर आले. तिने मालकांना विचारलं, "तुम्ही मशिनी साफ कधी करता?"

"बंद पडल्या की," मालक म्हणाले.

"ज्यांच्याकडून आम्ही आता शर्ट घेतो, त्यांच्याकडे रोज शेवटची पंधरा मिनिटं सगळ्या मशिनी थांबवून साफ करतात. आणि गठ्ठा दोन मिनिटं उशिरा आला तर तिथे दिवा लागतो, सगळे धावतात."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेहेचाळीसची मशीन. त्यांनी हात मोजले होते, वाट बघणं मोजलं नव्हतं, आणि जो अर्धा तास वाचवला होता तोच त्यांना बुडवून गेला. पण त्यांना तरी किती बोलू? त्यांची फसगत मीही केली. मी तुटणारा दोरा तुटू दिला असता, तर त्यांच्या कागदावर खरा आकडा आला असता.

वर्षभरात कारखान्याला कुलूप लागलं. चाळीस मशिनी भंगारवाल्याकडे वजनावर गेल्या. मी लोखंडी खाटांच्या आणि फुटक्या पंख्यांच्या ढिगात आडवी पडले. एक पाऊसकाळ गेला, दुसरा गेला, पुढचे मी मोजले नाहीत. अंगावर गंज चढला. पेन्सिलीने टक्‌टक् करायलाही कुणी आलं नाही.

किती दिवसांनी कोण जाणे, एक बाई ढिगापाशी वाकली. तिने माझ्या डोक्यावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि चार आकडे मोठ्याने वाचले. आवाज ओळखीचा होता. धाकटी.

ती आता वेगळ्या घरात, दोन गल्ल्या पलीकडे राहत होती आणि पुढच्या खोलीत शिंप्यांची काजं हाताने करून द्यायची. भंगारवाला म्हणाला, "ताई, याहून बऱ्या आहेत माझ्याकडे." धाकटी म्हणाली, "नको. हीच द्या. माझं काम हिनेच घालवलं, आता हिनेच द्यावं." मला वाटलं, जमीन दुभंगेल तर बरं.

तिने तेलमामांना बोलावलं. मामांचे हात थरथरायला लागले होते, पण कुपी तीच होती. त्यांनी माझं डोकं मागे टाकलं आणि नऊ वर्षांनी माझं पोट उघडलं. ताटातला लगदा वाळून खापरासारखा झाला होता. मामा चमच्याच्या दांड्याने खरवडत होते. पहिला थर निघाला, दुसरा निघाला, आणि सगळ्यात खालच्या थरातून काहीतरी निळं निघालं.

मामांनी ते फडक्याने पुसून दिव्याखाली धरलं. मोडकी पिन, टोकाला मणी.

"अगं, ही तर थोरलीची," मामा म्हणाले. "मला म्हणाली होती, शनिवारी पोट उघडाल तेव्हा बघा. तो शनिवार काही आलाच नाही."

धाकटीने पिन हातात घेतली. मोडलेलं टोक बोटाने चाचपून पाहिलं. असं टोक कशासाठी मोडतात, हे तिला दुसऱ्याने सांगायची गरज नव्हती. ती जमिनीवरच बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थोरली आली. निरोप गेला होता. दारात उभी राहिली, आत येईना. मनगटाला अजून फडकं बांधलेलं. केस विरळ झालेले.

"बसा जाऊबाई," धाकटी म्हणाली. तिने पिन माझ्या टेबलावर, सुईच्या खाली ठेवली.

थोरलीने वाकून मणी पाहिला. मग म्हणाली, "सापडली होय."

"हिच्या पोटात होती. तुम्ही म्हणत होता आणि मी..."

"असू दे."

"असू दे काय? नऊ वर्षं! दोन थोबाडीत तरी द्यायच्या होत्या मला."

"पिन दाखव म्हणालीस. नव्हती माझ्याकडे, मग कुठल्या तोंडाने देऊ?" थोरलीने पिन उचलली, डोक्याकडे नेली आणि हात खाली आणला. "आता मिळाली, तर लावायला केसच उरले नाहीत बघ."

धाकटी आधी हसली आणि मग जी रडायला लागली, ती थोरलीने पाठीवर हात फिरवला तरी थांबेना. मी मध्ये उभी. दोघींचे हात माझ्या अंगावरून एकमेकींना धरत होते आणि कुणी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांना वाटलं, पिन आपली आपण पडली. मशीन बिचारी काय करणार?

मित्रांनो, शिव्या खाल्ल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मामांनी माझा गंज उतरवला, पात्याला धार लावली आणि मला चालती केली. आता थोरली रोज दुपारी येते. एकजण कापड लावते, दुसरी काजं करते. तासाला किती होतात, कुणी मोजत नाही. पण एकही काज उसवून परत आलेलं नाही. आणि शनिवारी संध्याकाळी दोघी माझं बटण बंद करतात, डोकं मागे टाकतात आणि ताट बाहेर काढतात. अर्धा तास. एकीच्या हातात ब्रश, दुसरीच्या हातात तेल. मामांनी दोघींना पोट उघडायला शिकवलं आहे. त्या बनियनच्या जुन्या गोष्टीवर पुन्हा हसतात. मी तोंड आभाळाकडे करून पडलेली असते, पोट उघडं टाकून, आणि मला कुणाकडे बघवत नाही.

तुम्ही मोठे व्हाल, कुणी कारखाने काढाल, कुणी त्यांत काम कराल. पलीकडच्या देशाशी टक्कर द्यायची वेळ येईल, ती द्याच. पण मोजायला बसाल तेव्हा रोजचा दिवस मोजा, सजवलेला मोजू नका. नुसते हात मोजू नका, हातांना वाट कोण बघायला लावतं तेही मोजा. आणि माझ्यासारखं कुणी फार पळून दाखवत असेल, तर त्याला शाबासकी देण्याआधी त्याच्या शेजारी कोण बसलं आहे, तेवढं एकदा बघा.

आणि मशीन छोटी असो की मोठी, तिचा शनिवार तिला द्या. तिने मागितला नाही तरी द्या. मी कधी मागितला नव्हता.